चिपचे बारसे : नवशिक्यांसाठी

साहित्य : एक नवी चिप, तिच्या पोटातला जुन्याच घडणीचा सीरियल पोर्ट, लिनक्सचा डिव्हाइस ट्री आणि नाव ठेवण्याची घाई. घाई बाजूला काढून ठेवावी.

पायरी १. नाव कशाला, ते समजून घ्या. यूएसबीवरचे उपकरण विचारले की आपली ओळख सांगते. चिपमधला पोर्ट गप्प बसतो. म्हणून डिव्हाइस ट्रीच्या 'कम्पॅटिबल' रकान्यात त्याचे नाव लिहितात. कर्नल ते ड्रायव्हरच्या यादीशी ताडून पाहतो. एक अक्षर चुकले, तर पोर्ट मुकाच. इथे 'अहो'वर भागत नाही, नावच घ्यावे लागते.

पायरी २. आधी आडनाव, म्हणजे कंपनीचे. मग स्वल्पविराम, मग चिप आणि भाग. आडनाव मनाने पाडू नका; कर्नलमध्ये मंजूर आडनावांची यादी आहे.

पायरी ३. सासर-माहेरात पडू नका. २०१५ साली फ्रीस्केल एनएक्सपीच्या घरात गेली. पुढे जन्मलेल्या आय.एमएक्स८ चिपसुद्धा 'एफएसएल' हेच माहेरचे आडनाव लावतात. कोणाचे काही अडलेले नाही.

पायरी ४. मोह आवरा. पोर्टचा आराखडा सिनॉप्सिस कंपनीचा. तोच रॉकचिपच्या चिपमध्ये, तोच स्टारफाइव्हच्या. मग नुसते 'एसएनपीएस,डीडब्ल्यू-एपीबी-यूएआरटी' लिहिले तर? आज चालेल. पण उद्या तुमच्याच चिपमध्ये खोड निघाली, तर ड्रायव्हरने तिला ओळखायचे कशावरून? म्हणून आधी नेमके 'स्टारफाइव्ह,जेएच७११०-यूएआरटी', मागे ते सिनॉप्सिसचे. ड्रायव्हर मागच्या नावावर चालतो, त्याच्यात एक ओळही वाढत नाही. पुढचे नाव अडीअडचणीला.

पायरी ५. 'आरके३३एक्सएक्स' असले अमुकतमुक नको. आरके३३२८ही त्यात बसते, आरके३३९९ही; चिप मात्र दोन. 'देशपांड्यांचा मुलगा' म्हणून हाक मारली आणि चौघे बाहेर आले, तशातली गत.

पायरी ६. शेवटी आत्याबाई, म्हणजे मेंटेनर. नावाचे नियम लिहिलेली यामल फाइल त्यांच्यापुढे ठेवा. त्याआधी 'डीटी_बाइंडिंग_चेक' चालवा. त्या विचारतील, "नेमकी कोणती चिप?" पायरी ४ वाचली असेल, तर उत्तर तयार असेल.

कुर्रर्र करण्याआधी एवढे ध्यानात घ्या. झिंक ही झायलिंक्सची चिप. तिच्यातल्या इथरनेटचा आराखडा केडन्सचा. नाव पडले 'सीडीएनएस,झिंक-जीईएम'. पुढे चूक उमगली, की आडनाव चिपच्या कंपनीचे हवे; 'एक्सएलएनएक्स,झिंक-जीईएम' आले, जुने बाद ठरले. तरी जुन्या बोर्डांवरचे डिव्हाइस ट्री जुनीच हाक मारतात, म्हणून ड्रायव्हरमध्ये आजही दोन्ही नावे आहेत.