हॉर्न वाजतोय म्हणजे बॅटरी ओके!

सोसायटीच्या पार्किंगमध्ये सकाळच्या गडबडीत एखाद्या गाडीचं 'टिक्-टिक्-टिक्' सुरू झालं, की तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून हुकूम सुटतो, "थांबा, सेल्फ मारू नका!" पाठोपाठ बर्म्युडा आणि हातात टेस्टर अशा थाटात बॉनेटकाका खाली उतरतात. टेस्टर घरातला, 230 व्होल्टचा प्लग तपासायचा. 12 व्होल्टच्या बॅटरीवर त्यातला दिवा जन्मात पेटणार नाही.

"बघा, करंटच नाही," काका जाहीर करतात.

मग ते हॉर्न दाबतात. तो खणखणीत वाजतो. "बॅटरी ओके!" हाही निकाल तत्काळ. दुसऱ्या निदानाचा पहिल्याशी मेळ बसावा, अशी अट त्यांनी स्वतःला कधी घातलेली नाही.

हॉर्नची ही परीक्षा घेणारे काका प्रत्येक सोसायटीत किमान एक असतात, म्हणून सांगायला हवं. हॉर्नला चार-पाच अँपिअर पुरतात; सेल्फच्या मोटरला इंजिन फिरवायला शंभराच्या वर लागतात, डिझेल गाडीत तर आणखी. चहापुरतं दूध आहे म्हणून बासुंदीचा बेत ठरवू नये. बॅटरी अशक्त असली, की सेल्फचा सोलेनॉइड खेचला जातो, मोटर करंट ओढते, व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सुटतो आणि पुन्हा खेचला जातो. तीच ती टिक्-टिक्. याउलट एकच दणदणीत 'खट्' झालं आणि हेडलाइट मंदावले नाहीत, तर संशय सेल्फवर घ्यावा. पण त्यासाठी चावी फिरत असताना गप्प राहून ऐकावं लागतं, आणि तिथेच काकांचं घोडं अडतं.

काकांची सारी विद्या प्रीमियर पद्मिनीवर झालेली. पॉइंटला पॉलिश पेपर मारला, की गाडी चालू! आजच्या गाडीच्या बॉनेटखाली ते भक्तिभावाने डिस्ट्रिब्युटर शोधतात. सापडत नाही. "हल्ली कंपन्या पार्ट कमी देतात," असं म्हणून ते धक्क्याचा प्रस्ताव मांडतात. कॅडिलॅकने 1912 साली गाडीला इलेक्ट्रिक सेल्फ बसवला, तेव्हापासून हँडल मारण्याची सक्ती संपत गेली. पण काकांना माणसांनी घाम गाळल्याशिवाय इंजिन चालू झालेलं रुचत नाही. वॉचमन, दूधवाला आणि दोन शाळकरी पोरं गाडी गेटपर्यंत ढकलतात. तिथे मालक चाचरत सांगतो, "काका, गाडी ऑटोमॅटिक आहे." अशी गाडी धक्क्याने चालू होत नाही. तिचा गिअरबॉक्स पकड घेतो तेलाच्या दाबावर, आणि तो दाब देणारा पंप इंजिनच फिरवतं.

अखेर बॅटरीच्या दुकानातला पोरगा येतो. मल्टिमीटर लावतो: 12.5 व्होल्ट. बॅटरी ठीक. तो टर्मिनल हलवून बघतो, तर ते सैल आणि पांढऱ्या-हिरव्या भुकटीने माखलेलं. त्या फटीतून हॉर्नपुरता करंट जात होता, सेल्फपुरता जात नव्हता. निगेटिव्ह आधी, मग पॉझिटिव्ह, असे दोन्ही काढून तो गरम पाण्याने धुतो, कोरडे करून घासतो, दहा नंबरच्या पान्याने आवळतो. पहिल्याच चावीला इंजिन सुरू!

"मी काय म्हणत होतो? बॅटरी ओके!" काका भोवतालच्या सगळ्यांकडे आळीपाळीने बघतात. मग पोराला हळूच बाजूला घेऊन विचारतात, "आमच्या गाडीचंही बघतोस का जरा? दिवाळीपासून कव्हरखाली आहे. हॉर्नसुद्धा वाजत नाही."