आमेनला थोडा वेळ लागेल

आमच्या घरची संध्याकाळची प्रार्थना म्हणजे अर्जांची खिडकी. आजीचा अर्ज गुडघ्यांचा, वहिनीचा बिल्डिंगच्या रिडेव्हलपमेंटचा, माझा प्रमोशनचा. हरवलेल्या किल्ल्यांचं खातं संत अंतोनीकडे, बाकी सगळं मारियामातेकडे. तिथेही अडलं, तर बुधवारी गोरेगावहून लोकल पकडून माहीमची नोव्हेना. अर्ज टाकायचा, आमेन म्हणायचं आणि जेवायला बसायचं. उत्तराची वाट कुणी पाहत नाही.

पुतणी फर्स्ट कम्युनियनच्या वर्गाला जाऊ लागली आणि ही शिस्त बिघडली. ती काही मागतच नाही. विचारते.

"देवा, सापाला शिक्षा म्हणून पोटावर सरपटायला लावलंस. त्याआधी तो चालायचा कसा?"

"नोहाने तारवात डास का घेतले?" (पावसाळ्यात हा प्रश्न अख्ख्या गोरेगावाला पडतो.)

"सातव्या दिवशी तू आराम केलास, मग आम्हाला रविवारी पहाटे मिस्साला का उठवतोस?"

"आरेतला बिबट्या तूच केलास आणि त्याने नेलेला कुत्राही तूच. त्या रात्री तू कुणाच्या बाजूने होतास?"

इथे आम्ही मोठी माणसं घाईघाईने आमेन म्हणायला गेलो. तिने हात वर करून थांबवलं. उत्तर आल्याशिवाय आमेन नाही! ती डोळे मिटून बसून राहिली, आणि स्वयंपाकघरात तळलेले बोंबील थंड होत गेले.

आजी म्हणाली, "बाय, देवाला असे प्रश्न विचारू नयेत."

"मग तो बोलणार कशावर?"

आजीच्या नियमाला बायबलमध्ये काही आधार सापडत नाही. सदोम वाचवण्यासाठी अब्राहामाने देवाशी चक्क घासाघीस केली. 50 नीतिमान माणसांपासून सुरुवात करून 45, 40, 30, 20 असं करत त्याने आकडा 10 वर आणला, आणि देव दर वेळी कबूल झाला. हे ऐकून आजी जरा नरमली. पापलेटच्या बाबतीत तिची हीच पद्धत आहे. ईयोबाने तर प्रश्नांचा डोंगर रचला. 38व्या अध्यायात देव वादळातून बोलला, पण तोही प्रश्नच विचारू लागला: पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठे होतास वगैरे. हबक्कूक तक्रार मांडून बुरुजावर जाऊन उभा राहिला, उत्तर काय येतं ते बघायला. आमची पुतणी वेगळं काय करते?

धोका नाही असं नाही. गॅब्रिएल दूताकडे जखऱ्याने खात्री मागितली आणि तो मुका झाला. मारियेने त्याच दूताला हे कसं होणार एवढंच विचारलं, तर तिला नीट समजावून सांगितलं गेलं. दोघांचे प्रश्न दिसायला जुळे. पण जखऱ्याला पुरावा हवा होता, मारियेला कुतूहल होतं. मुलांचे प्रश्न मारियेच्या जातीचे असतात, असं माझं ठाम मत आहे.

आणि गोरेगावकरांनी तरी प्रश्नांना बिचकू नये. आमच्याकडे सेंट थॉमसचं चर्च आहे. मी जातोय तो मार्ग तुम्हाला ठाऊक आहे, असं येशू म्हणाला तेव्हा थॉमसनेच तोंड उघडलं: जायचं कुठे हेच माहीत नाही, तर रस्ता कसा कळणार? गोरेगाव स्टेशनबाहेर रिक्षा शोधणाऱ्याला या प्रश्नाची खोली कळेल. एवढ्या सरळ माणसाला जगाने कायमचा 'संशयी' ठरवलं, हा अन्यायच.

गोरेगावशी जोडलेलं दुसरं नाव म्हणजे पोप दहावे पायस. आरे रोडवर त्यांच्या नावाची सेमिनरी आहे; भावी फादर तिथे वर्षानुवर्षं तत्त्वज्ञान आणि ईश्वरविज्ञान शिकतात. पूर्वी बऱ्याच ठिकाणी पहिल्या कम्युनियनसाठी मुलांना दहा-बारा वर्षांचं होईपर्यंत ताटकळावं लागे. या पोपसाहेबांनी 1910 मध्ये ते वय साधारण 7 वर खाली आणलं. अट साधी: नेहमीची भाकर आणि ख्रिस्तप्रसाद यांतला फरक मुलाला कळला पाहिजे. सापाचे पाय मोजणाऱ्या पोरांना आल्तारापर्यंत आणलं ते यांनी. तेव्हा तक्रार असेल तर तिकडे करावी.

3 जुलैला संत थॉमसचा सण असतो. त्या संध्याकाळी घरची प्रार्थना लहानांच्या हाती द्या, मध्ये बोलू नका, आणि जेवणं मात्र आधी उरकून घ्या.