लवकर उठून रांग चुकत नाही

पॅरिस

ती. काका आणि सौ. काकू यांस,


तुमचा मे महिन्याचा कार्यक्रम पोचला. सोमवारी व्हर्सायचा राजवाडा, मंगळवारी लूव्र संग्रहालय, आणि गर्दी लागू नये म्हणून रोज पहाटे पाचला उठायचं. या दोन दिवशी गर्दी खरोखरच लागणार नाही, कारण व्हर्साय सोमवारी बंद असतं आणि लूव्र मंगळवारी. राहिलेल्या दिवशी पाचला उठल्यानं काकूंचा चहा लवकर होईल, याखेरीज काही साधेल असं मला वाटत नाही. रांग लागते ती हजारो माणसांनी एकाच वेळी, एकाच दारात, एकाच नावासाठी यायचं ठरवलं म्हणून. त्यामुळे ती चुकवायची तर गजर मागे घेऊन भागत नाही, बेतच जरा आडवाटेनं आखावा लागतो.

पहाटेचंच आधी बघू. ‘दार उघडायच्या आधी जाऊन उभे राहा’ हा सल्ला जगातल्या प्रत्येक प्रवासपुस्तकात छापलेला आहे, आणि तो वाचणारे सगळे दार उघडायच्या आधी येऊन उभे राहतात. लूव्र सकाळी नऊला उघडतं तेव्हा काचेच्या पिरॅमिडपाशी तासाभराची माणसं आधीच साचलेली असतात. याउलट बुधवारी आणि शुक्रवारी ते रात्री नऊपर्यंत उघडं असतं. संध्याकाळी सहानंतर सहलींच्या बसगाड्या आपापल्या माणसांना जेवायला घेऊन जातात आणि दालनं मोकळी होऊ लागतात. तुम्ही म्हणाल, अंधार पडल्यावर परक्या गावात कशाला हिंडायचं? पण इथे मे महिन्याच्या अखेरीला सूर्य साडेनऊनंतर मावळतो. नऊला बाहेर पडलात तरी चष्मा न लावता पाटी वाचता येईल. साप्ताहिक सुट्टीचा हिशेबही असाच ध्यानात ठेवायचा. मंगळवारी लूव्र बंद, म्हणून तिथली गर्दी त्या दिवशी ऑर्से संग्रहालयाकडे आणि व्हर्सायकडे वळते. सोमवारी ऑर्से आणि व्हर्साय दोन्ही बंद, म्हणून उलटी वाट धरते. कुलूप एका दाराला लागलं की माणसं दुसऱ्या दारात मावत नाहीत. शिवाय मे महिन्यात फ्रेंचांना एक तारीख, आठ तारीख आणि बहुतेक वर्षी आणखी एकदोन सणांच्या सुट्ट्या असतात. एक तारखेला तर ही तिन्ही ठिकाणं बंद. आपल्याकडच्या शाळांची सुट्टीही नेमकी तेव्हाच, त्यामुळे रांगेत मराठी ऐकू आलं तर दचकू नका.

आता आयफेल टॉवर. काका, तुम्ही लिहिता की एजंटाकडून ‘रांग टाळा’ असं लिहिलेलं महाग तिकीट घेऊ, प्रश्न मिटला. पण त्या टॉवरला रांगा आहेत तरी किती, ते मोजा. तळाभोवती काचेची भिंत आहे, तिथे पहिली झडती. आत तिकिटाची खिडकी. मग लिफ्टच्या तोंडाशी पुन्हा झडती, आणि मग लिफ्टची रांग. ही लिफ्ट टॉवरच्या पायातून तिरकी चढते आणि दुसऱ्या मजल्यावर थांबते. शेंड्याला जायची लिफ्ट वेगळी, तिची रांग वेगळी. उतरताना पुन्हा लिफ्टच्या रांगा. आगाऊ तिकिटानं यातली खिडकीची रांग तेवढी टळते. झडतीवाल्याला तुम्ही एजंटाला किती पैसे दिलेत याचं काही सोयरसुतक नसतं. काकूंच्या पिशवीतला डिंकाच्या लाडवांचा डबा तो दोन्ही वेळा तेवढ्याच आस्थेनं उघडून बघणार. खिडकीची रांग टाळायला एजंटही लागत नाही. टॉवरच्या स्वतःच्या संकेतस्थळावर लिफ्टची तिकिटं साधारण दोन महिने आधी मिळू लागतात आणि शेंड्याची सगळ्यांत आधी संपतात. ज्यांचे गुडघे शाबूत आहेत त्यांनी जिना धरावा: दुसऱ्या मजल्यापर्यंत ६७४ पायऱ्या, तिकीट स्वस्त आणि रांग बेताची, कारण पायऱ्यांचा आकडा वाचूनच निम्मे लोक परत फिरतात. काकूंनी लिफ्टनं दुसऱ्या मजल्यापर्यंत यावं आणि तिथेच थांबावं.

‘इतक्या लांब यायचं आणि शेंड्याला जायचं नाही?’ हा तुमचा प्रश्न मला इथूनच ऐकू येतो. दुसरा मजला जमिनीपासून सुमारे ११६ मीटरवर आहे, शेंड्याचा सज्जा २७६ मीटरवर. खालून सीन नदीवरचे पूल, होड्या, इमारतींची छपरं ओळखू येतात. वरून सगळं पॅरिस नकाशासारखं दिसतं, आणि नकाशा तुमच्याजवळ आहेच. मुख्य अडचण अशी की टॉवरवर चढल्यावर अख्ख्या पॅरिसमधली एकच गोष्ट दिसत नाही, ती म्हणजे टॉवर. सोसायटीच्या ग्रुपवर टाकायच्या फोटोत टॉवर हवा असेल तर तो बाहेरूनच काढावा लागेल. आर्क द त्रिओंफ या कमानीच्या २८४ पायऱ्या चढलात तर बारा रस्ते एका चौकात मिळताना दिसतात आणि टॉवरही समोर उभा असतो. तेवढंही नको असेल तर सहा नंबरची मेट्रो पकडा. पासी आणि बीर-हाकेम या दोन स्थानकांच्या मध्ये ती पुलावरून सीन ओलांडते, तेव्हा खिडकीत टॉवर येतो. या दर्शनाचा खर्च मेट्रोच्या तिकिटाएवढा, आणि झडती नाही.

लूव्रमधल्या मोनालिसाचं प्रकरण याहून नाजूक आहे. चित्र ७७ सेंटिमीटर उंच, ५३ रुंद, जाड काचेआड. समोर हात वर केलेल्या माणसांचा जमाव. आणि बहुतेकांना चित्र दिसतं ते पुढच्या माणसाच्या मोबाइलमध्ये. त्याच दालनात, बरोबर समोरच्या भिंतीवर, व्हेरोनेजचं काना गावच्या लग्नाचं चित्र आहे. ते जवळजवळ दहा मीटर रुंद, लूव्रमधलं सगळ्यांत मोठं, आणि त्याच्याकडे सगळ्या जमावाची पाठ असते. बाहेरच्या लांब गॅलरीत खुद्द लिओनार्दोचीच आणखी चित्रं टांगलेली आहेत; तिथे मनसोक्त उभं राहता येतं, पाठीमागून कोणी ढकलत नाही. चित्रकार तोच, हात तोच, तरी रांग एकालाच. १९११ साली मोनालिसा चोरीला गेली, तेव्हा लोक तिची रिकामी जागा बघायला रांग लावून आले होते. रिकाम्या भिंतीवरचे खिळे बघायला रांग लागू शकते, तर रांगेच्या लांबीवरून वस्तूचं मोल ठरवण्यात काही अर्थ नाही. मोनालिसा बघूच नका असं मी म्हणत नाही. शुक्रवारी संध्याकाळी, इतर चित्रं आधी पोटभर बघून, जाता जाता बघा.

तुमचा शेवटचा आक्षेप भारी आहे: ‘पंढरपूरच्या रांगेत तासन्‌तास उभे राहिलेली माणसं आम्ही, आम्हाला रांगेची भीती घालतोस?’ पण पंढरपूरनं हा प्रश्न कधीच सोडवलेला आहे. ज्याला वेळ आणि ताकद आहे तो पदस्पर्श दर्शनाच्या रांगेत लागतो, ज्याला नाही तो मुखदर्शन घेतो, आणि आषाढीला तेही जमलं नाही तर वारकरी कळसाला हात जोडून नामदेव पायरीवर माथा टेकतो आणि परत फिरतो. त्याची वारी अपुरी राहिली असं कोणी म्हणत नाही. शिवाय तिथल्या रांगेत भजन असतं, ओळखी होतात, रांग हाच वारीचा एक भाग असतो. आयफेलच्या रांगेत फक्त पुढच्या माणसाची पाठपिशवी असते. विठ्ठलासाठी जे सोसायचं ते एका लोखंडी मनोऱ्यासाठी सोसायचं कारण मला दिसत नाही, विशेषतः जो १८८९ सालच्या प्रदर्शनासाठी उभारला होता आणि वीस वर्षांनी उतरवायचा होता.

तेव्हा काका, विमानाची तिकिटं पक्की करण्याआधी तारखा कळवा. मेचा पहिला पंधरवडा टाळा. लूव्र बुधवारी किंवा शुक्रवारी संध्याकाळी, व्हर्साय गुरुवारी, आणि टॉवरचं दुसऱ्या मजल्याचं तिकीट मी इथून काढतो. पाचचा गजर घरीच ठेवून या. लाडू मात्र जरूर आणा.

तुमचा,
पॅरिसकर पुतण्या