वर्ध्याच्या समस्त घरमालक काकाजींना, माडीवरून

तीर्थरूप काकाजी,
हे सगळे खाली येऊन तोंडीही सांगता आले असते. पण रात्री नऊनंतर जिना वापरायचा नाही अशी तुमची अट आहे, म्हणून खुले पत्र लिहितो आहे.

सेवाग्रामचे मेडिकल, सावंगीचे मेडिकल, हिंदी विश्वविद्यालय यांच्यापायी दरसाल पोरापोरींचे लोंढे वर्ध्यात उतरतात. तुम्ही ग्रॅच्युइटीच्या पैशातून माडी चढवून त्यांची सोय केलीत. तुमचे हे शास्त्र बाकीच्या घरमालकांनाही कळावे, ते अडाणी राहू नयेत, एवढाच या पत्राचा हेतू.

खोली दाखवण्याआधी आडनाव विचारावे. आडनावावरून अंदाज लागला नाही तर गाव विचारावे, मग हळूच मामाचे आडनाव. याच वर्ध्यात जमनालाल बजाजांनी 1928 साली लक्ष्मीनारायण मंदिराचे दार दलितांसाठी उघडले हे खरे आहे. पण ते देवळाचे दार होते. तुमच्या दारामागे अटॅच संडास-बाथरूम आहे, तेव्हा तिथे जास्त सोवळे पाळायला हवे. भाड्याच्या नोटांचे मात्र आडनाव विचारू नये, त्या कुठूनही आल्या तरी चालतात. 'खोलीत दारू प्यायची नाही' हेही बजावून सांगावे. जिल्ह्यात दारूबंदी आहे, पण सरकारचे ऐकायचे की नाही हे शेवटी तुम्हीच ठरवणार.

आता कराराचे. 'घरच्यासारखेच आहात, आपल्यात कसला कागद?' या वाक्यावर तर मी फिदा आहे. तुमच्या वडिलांच्या काळी विदर्भात 1949 चा सीपी अँड बेरार भाडेनियंत्रण आदेश होता. भाडेकरूला खोली सोडण्याची नोटीस द्यायची म्हटले तरी आधी रेंट कंट्रोलरची लेखी परवानगी काढावी लागे, आणि ती मिळेपर्यंत भाडेकरूची पोरे लग्नाला येत. 31 मार्च 2000 पासून राज्यभर नवा भाडेनियंत्रण कायदा लागू झाला. त्याचे कलम 55 असे, की करार लेखी हवा, नोंदवलेला हवा आणि नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची. नोंदवला नाही तर 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून गोड भाग पुढे आहे. लेखी, नोंदवलेला करार नसेल, तर कोणत्या अटींवर खोली घेतली याबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते खरे धरायचे, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणजे काकाजी, तुम्ही कागद वाचवलात आणि अटी ठरवण्याचा अधिकार माझ्या हाती दिलात. एवढा विश्वास माझ्या सख्ख्या काकांनीही कधी टाकला नाही.

कोपऱ्यावरच्या टायपिस्टाने शंभराच्या स्टॅम्पवर केलेला अकरा महिन्यांचा नोटरीचा कागद तुमच्यापैकी काहींच्या कपाटात आहे, ठाऊक आहे मला. वर्षाच्या आतल्या करारांना 1908 च्या नोंदणी कायद्यात सवलत होती, त्यातून ही अकराची गंमत निघाली. महाराष्ट्रात कलम 55 ने ती पळवाट बुजवली. नोंदवलेला 'लिव्ह अँड लायसन्स' असता, तर मुदत संपताच तुम्ही कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे गेला असता, आणि मी हललो नसतो तर दुप्पट भाड्याने भरपाई मागितली असती. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का, शिवाय नोंदणी फी. आधार आणि अंगठा असला की घरबसल्या काम होते. एवढा खर्च कोण करतो? त्यापेक्षा पाण्याची मोटर बंद करणे स्वस्त.

मोटरीचेही सांगून टाकतो. सकाळी साडेसहाला दहा मिनिटे मोटर लावायची आणि भाडे दोन दिवस लांबले की पाच मिनिटे, ही तुमची वसुलीची रीत मोठी परिणामकारक आहे. फक्त कलम 29 प्रमाणे वाजवी कारणाशिवाय भाडेकरूचे पाणी किंवा वीज तोडता येत नाही. भाड्याची पावती देणेही बंधनकारक आहे. आता कागद नसल्याने मी लायसन्सी की भाडेकरू हा वाद कोर्टात गेला, तर मी काय म्हणेन याचा अंदाज तुम्हाला आलाच असेल.

मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर गेला की वर्धेकराला कूलर हवाच. खाली तुमच्या हॉलमध्ये दोन चालतात. वर मात्र 'भिंतीला ओल येते' म्हणून एकही नको, किंवा हवा असेल तर महिन्याचे पाचशे वेगळे. दुपारी तीन वाजता माडीच्या स्लॅबखाली पाठ टेकली की गादी खालून गरम लागते. गादीखालची फरशीही तापलेली असते. सात-आठ किलोमीटरवर सेवाग्रामला बापूंची कुटी आहे. मातीच्या भिंती, बांबू, वर कवेलू. त्यात दुपारी बसवते. तुमच्या स्लॅबवर निदान चुन्याचे दोन हात मारून घ्या, उन्हाळाभर फरक पडतो. पण मग मला बरे वाटेल, आणि तसे काही तुमच्या यादीत नाही.

सबमीटरचे युनिट तुम्ही तुमच्या मनाच्या दराने लावता. महावितरणचा दर युनिट वाढतील तसा चढत जातो. तुमचे आणि माझे युनिट एकाच मीटरवर मोजले की दोघांचाही टप्पा वर सरकतो. माडीसाठी वेगळे मीटर घेतले तर बिल सरळ माझे मला येईल. तुम्हाला तेवढे नको असेल, कारण मधल्या फरकात किराणा निघतो.

खोली तपासायची असेल तर आधी कळवून, वाजवी वेळी यावे असे कायदा म्हणतो. तुम्ही तर नातवाचा चेंडू शोधायला येता. त्याला कलम नाही. डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापायचे असतील, तर पहिल्याच दिवशी दोघांनी मिळून भिंतींचे फोटो काढून ठेवायला हवे होते. आता कुठला डाग कुणाचा, हे तो डागच सांगू शकेल.

आपला आज्ञाधारक,
माडीवरचा

ता. क. 'खिळा ठोकायचा नाही' ही अट काटेकोर पाळली आहे. कॅलेंडर दाराच्या कडीला टांगले आहे, त्यामुळे तारीख बघायची तर दार लावावे लागते. तेव्हा तुम्ही आलात आणि दार बंद दिसले, तर कृपया ठोठावा.