खिशातला बत्तासा

मधुमेह जडला की माणसाला घरात एकाएकी फार महत्त्व येतं. ज्याच्या ताटाकडे उभ्या संसारात कुणी वळून पाहिलं नाही, त्याच्या ताटावर आता सुनेची, नातवाची आणि भिंतीपलीकडच्या अव्वाचीही नजर असते. साखरेचा डबा फडताळात एक कप्पा वर जातो. आमच्या कमलनगरात लग्नाच्या पंगतीत वाढपी जिलबीची परात घेऊन येतो, अशा माणसाच्या पानाशी क्षणभर थबकतो आणि ‘ह्यांना शुगर हाय’ असं इतक्या आपुलकीने आणि इतक्या मोठ्याने म्हणतो, की समोरच्या रांगेतले चार लोकही हळहळून माना हलवतात. जिलबी पुढच्या पानावर जाते. तिचा वास तेवढा मागे राहतो आणि त्याला अजून कुणी बंदी घातलेली नाही. हाच माणूस आषाढीसाठी पंढरपूरला पायी निघाला, की त्याच्या बंडीच्या खिशात डॉक्टरांच्या हुकमाने साखर भरली जाते. वर्षभर जिच्यापासून त्याला राखलं, तीच आता त्याला राखणार असते. या उलटापालटीचं मला फार दिवसांपासून कौतुक वाटत आलं आहे.

कमलनगर म्हणजे बिदर जिल्ह्याच्या उत्तरेचं टोक. पूर्वी औराद तालुक्यात होतं, आता स्वतःच तालुका झालं आहे. इथे पाटी कन्नडमध्ये, बाजार तीन भाषांत आणि अभंग मराठीत. मांजरा नदीच्या आसपास ऊस, जिल्ह्यात हळ्ळीखेडचा आणि भालकीजवळचा असे साखर कारखाने. म्हणजे गोडाला तोटा नाही. मृगाचा पाऊस बरा झाला, सोयाबीन-तुरीची पेरणी आटोपली, की मंडळी टाळ काढून पुसायला घेतात. इथून निघालं की थोड्याच वेळात राज्याची हद्द ओलांडून उदगीर, मग लातूर, पुढे बार्शी, कुर्डुवाडी, असं करत पंढरपूर. वाट अडीचशे किलोमीटरच्या पुढे जाते. हल्ली शहरात बेचाळीस किलोमीटर धावणाऱ्यांना गळ्यात पदक घालतात. इथे गळ्यात आधीच तुळशीची माळ असते, त्यामुळे तो प्रश्नच आला नाही.

आमचे अण्णा, म्हणजे माझे थोरले चुलते, या वाटेवरचे जुने गडी. शुगर निघाली तेव्हा आता वारी सुटणार असंच घरच्यांनी धरलं होतं. उदगीरच्या डॉक्टरांनी मात्र चालायला हरकत नाही म्हणून सांगितलं. “रिकाम्या पोटी चालायचं नाही आणि खिसा रिकामा ठेवायचा नाही. अंग थरथरलं, दरदरून घाम आला, की आधी साखर तोंडात टाकायची.” अण्णा थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “साहेब, हे तेवढं कागदावर लिहून द्या की.” डॉक्टरांनी हसत लिहून दिलं. गोळ्यांच्या नावांखाली, त्याच अक्षरात, ‘साखर’. अण्णांनी तो कागद झेरॉक्सच्या दुकानातून लॅमिनेशन करून घरी आणला आणि काकूपुढे असा ठेवला, की जणू सातबारा त्यांच्या नावावर झाला आहे.

डॉक्टरांनी सांगितलेलं कारण ऐकण्यासारखं आहे. एरवी रक्तातली साखर स्नायूंत शिरायची तर इन्सुलिनची परवानगी लागते, रेशन दुकानात कार्ड लागतं तशी. पण चालते पाय कार्ड दाखवत नाहीत; मागच्या दाराने शिरून आपला वाटा परस्पर उचलतात. रोज पंधरा-वीस किलोमीटर चालणाऱ्याच्या रक्तातली साखर त्यामुळेच उतरते, आणि मधुमेहाला चालणं मानवतं तेही याच चोरवाटेने. अडचण अशी, की दुसऱ्या बाजूने गोळ्याही साखर उतरवतच असतात. सगळ्याच नव्हे. मेटफॉर्मिन एकटं असलं तर सहसा दगा देत नाही; पण स्वादुपिंडाला रेटून इन्सुलिन काढायला लावणाऱ्या गोळ्या, किंवा टोचून घेतलेलं इन्सुलिन, यांना माणूस आज घरी लोळतोय की वारीत चालतोय हे कळायला मार्ग नाही. इन्सुलिन मांडीत टोचून लगेच चालायला लागलं तर ते आणखी घाईने रक्तात उतरतं. म्हणून वारीपुरता डोस कमी करावा लागतो, आणि तो डॉक्टरांनीच करायचा असतो; दिंडीतल्या वैद्यकीचा मान असलेल्या मंडळींनी नव्हे. शिवाय पाय थांबले तरी त्यांची उचल थांबत नाही. रिकामी झालेली कोठारं ते रात्रभर भरत राहतात. दिवसभर ठणठणीत चाललेला माणूस पहाटे तीनला तंबूत घामाने भिजून जागा होतो तो यामुळे. झोपण्याआधी एकदा बोट टोचून आकडा पाहावा आणि उशाशी काहीतरी ठेवावं, हे त्यासाठीच.

आता खरी गंमत. आपल्या शास्त्रकारांनी अष्टसात्त्विक भाव सांगितले आहेत: स्तंभ, स्वेद, रोमांच, वैस्वर्य, कंप, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. भक्त देहभान विसरतो तेव्हा तो जागच्या जागी थिजतो, त्याला घाम फुटतो, आवाज चिरकतो, अंग कापतं, चेहरा फिका पडतो, आणि शेवटी तो कोसळतो. रक्तातली साखर 70 च्या खाली गेल्यावर काय होतं याची यादी डॉक्टरांच्या भिंतीवर लावलेली असते. मी ती वाचली आणि दोन्ही याद्या एकाच हाताने लिहिल्यासारख्या वाटल्या. वारीत रणरणत्या दुपारी, टाळ-मृदंगाच्या कल्लोळात, एखादा म्हातारा डोळे मिटून डोलू लागला, घामाने न्हाला आणि त्याचे पाय लटपटले, तर आजूबाजूचे काय करतात? हात जोडतात. कुणी त्याच्या पाया पडतं. त्या क्षणी त्याला पाया पडणाऱ्यापेक्षा लिमलेटची गोळी देणारा हवा असतो, हे सुचायला दिंडीत एखादा अरसिक माणूस लागतो. अण्णांनी यावर स्वतःची एक कसोटी काढली आहे. ते म्हणतात, आठ भावांत चिडचिड कुठे नाही. वारकरी डोलता डोलता रडला तर विठ्ठल समजावा. डोलता डोलता पखवाजवाल्यावर खेकसला तर शुगर. वैद्यकशास्त्राला ही कसोटी फारशी अमान्य होऊ नये, कारण साखर उतरलेला माणूस विनाकारण भांडतो हे डॉक्टरांच्याही यादीत आहे. यंत्र जवळ असेल तर मात्र रक्ताचा थेंब काढून पाहावा. भाव किती सात्त्विक आहे ते आकडा सांगतो.

खिशात काय असावं यावरही बराच खल झाला. काकूने आधी शेंगदाण्याची चिक्की दिली होती. मायेने दिलेली, पण कामाला उशिरा येणारी. दाण्यातल्या तेलामुळे तिच्यातली साखर सावकाश रक्तात येते. पेढ्याचं तेच. प्रसाद म्हणून पेढा थोर, औषध म्हणून सुस्त. चॉकलेटही त्यातलंच. पडत्या साखरेला निव्वळ साखरच हवी, साधारण 15 ग्रॅम, म्हणजे तीन चमचे. आणि निव्वळ साखर म्हटली की आपल्याकडे बत्तासा. पांढरा, पोकळ, खिशात घातला तर कोपऱ्यातून झिजणारा, जिभेवर ठेवला की चावायच्याही आधी विरघळणारा. देवळाबाहेर चुरमुऱ्यांबरोबर कागदाच्या पुडीत शतकानुशतकं विकला जाणारा हा पदार्थ दरदरून घाम सुटलेल्या मधुमेह्याच्या इतक्या सोयीचा असेल, असं त्याला करणाऱ्याच्याही मनात आलं नसेल. एक हलका असतो, म्हणून मूठभर घ्यायचे. मग पंधरा मिनिटं थांबायचं. ही पंधरा मिनिटं अवघड. शरीर सांगत असतं, आणखी खा, सगळं खा, शेजाऱ्याचंही खा. आणि नियम सांगतो, बस, आधी पुन्हा मोजून बघ. आकडा वर आला की मग भाकरी खायची. कलबुर्गीकडची कडक भाकरी आणि शेंगाचटणी ही आमच्याकडची वाटेची शिदोरी. दिवस-दिवस टिकते आणि पोटात सावकाश उकलत पुढच्या मुक्कामापर्यंत साथ देते. बत्तासा धावत येऊन उठवतो, ज्वारी हाताला धरून चालवते.

लांबच्या पल्ल्यात साखर संपते, हे जगाला तसं उशिरा कळलं. 1922 च्या जानेवारीत टोरांटोमध्ये लेनर्ड थॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं गेलं, आणि दोनच वर्षांनी, 1924 मध्ये, बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये डॉक्टरांनी धावून आलेल्यांचं रक्त तपासलं. त्यांना मधुमेह नव्हता, पण जे पांढरेफटक पडून थरथरत पोचले होते त्यांची साखर पार उतरलेली. पुढच्या वर्षी डॉक्टरांनी धावपटूंना वाटेत गोड गोळ्या चघळायला लावलं, तर मंडळी बरीच तरतरीत पोचली. आमच्या वाटेवरच्या उदगीरला हे सांगायला जावं, तर तिथला किल्ला कदाचित हसेल. 1760 च्या फेब्रुवारीत सदाशिवरावभाऊंनी निजामाला इथेच नमवलं आणि नंतर ते उत्तरेला निघाले. 14 जानेवारी 1761 च्या पहाटे, उपासमार सोसलेल्या मराठा फौजेने साखरेचं पाणी पिऊन पानिपतावर पाऊल टाकलं, असं वर्णन वाचायला मिळतं. त्या पाण्याने दुपारपर्यंत नेलं असेल. शेवटपर्यंत न्यायला मागून भाकरी यावी लागते, आणि ती येणार नव्हती. किल्ल्यावरून चालताना अण्णा का गप्प होतात, ते मी विचारलेलं नाही.

वारीत भाकरी मागून येते, पुढून येते, दोन्ही बाजूंनी येते. हीच पंचाईत. प्रत्येक गाव वेशीवर चहाची किटली घेऊन उभं, आणि चहा असा की चमचा उभा राहावा. “घ्या माउली, अर्धा तरी घ्या.” नाही म्हटलं तर समोरच्या पोराचा चेहरा उतरतो, हो म्हटलं तर साखर चढते. केळी, शिरा, लाडू, राजगिऱ्याच्या वड्या. घरी जिलबी हुकवणारे लोक असतात, इथे जिलबीच पाठलाग करते. आणि हे सगळं पार करून माणूस पोचतो एकादशीला, म्हणजे उपासाला. साबुदाण्याची खिचडी हा पिष्टाचा डोंगर, तो खाल्ला तर साखर कड्यावर. निर्जळी करावी तर गोळीने दरीत. अण्णांनी यावर तोड काढली आहे. गोळी डॉक्टरांना विचारून कमी, थोडी भगर, दाण्याची आमटी, आणि थरथरलंच तर बत्तासा. तो उपासाला चालतो का, असं एका कर्मठ बुवांनी विचारलं, तेव्हा अण्णांनी खिशातून लॅमिनेशन काढून दाखवलं.

दोन गोष्टींत मात्र ते विनोद करत नाहीत. एक पाय. मधुमेहात तळव्यांची जाणीव हळूहळू विझते. काटा रुतलेला कळत नाही, फोड फुटलेला कळत नाही, आणि जखम चिघळल्यावर जे होतं ते आमच्या गल्लीने पाहिलेलं आहे. अनवाणी चालायचा नवस त्यांनी विठ्ठलाची क्षमा मागून मोडला. ते मऊ मोजे आणि बूट घालतात आणि रोज मुक्कामाला कंदिलासमोर तळवे आरशात पाहतात. दुसरी गोष्ट दिंडीतल्या एका इन्सुलिन घेणाऱ्या मावशींची. त्यांची कुपी ओल्या वाळूत ठेवलेल्या मडक्यात असते, उन्हाने औषध निकामी होऊ नये म्हणून; आणि ते मडकं बैलगाडीत कुठे ठेवायचं ते अण्णा ठरवतात.

माझा भाचा पुण्यात मॅरेथॉन धावतो. त्यालाही लहानपणापासून इन्सुलिन आहे. त्याच्या दंडावर नाण्याएवढं यंत्र चिकटवलेलं असतं, ते मिनिटामिनिटाला मोबाइलला साखर कळवतं. खिशात परदेशी पाकिटातला गोड चिकट रस. तो अण्णांना सांगतो, वसीम अक्रमला 1997 मध्ये मधुमेह निघाला आणि तो 2003 पर्यंत चेंडू टाकत राहिला. इंग्लंडच्या स्टीव्ह रेडग्रेव्हने मधुमेह झाल्यावर 2000 मध्ये सिडनीला वल्हवण्याचं पाचवं ऑलिंपिक सुवर्ण घेतलं. अण्णा कौतुकाने ऐकतात, मग ते पाकीट उलटंसुलटं करून किंमत वाचतात आणि काही न बोलता भाच्याच्या हातावर एक बत्तासा ठेवतात.

काकू वारीला जात नाही. निघताना ती बत्तासे मोजून पुडी बांधते आणि परत आल्यावर उरलेले मोजते. “किती खाल्लाव?” असं विचारत नाही. मोजते आणि डबा बंद करते. जितके कमी, तितक्यांदा हा माणूस वाटेत लडखडला, असा तिचा हिशेब. हे अण्णांच्या ध्यानात आल्यापासून ते बार्शीच्या बाजारात पुडी पुन्हा भरून घेतात. काकूला तेही ठाऊक आहे. बार्शीचे बत्तासे आकाराने मोठे असतात.

पुढच्या आषाढात तुमच्या गावावरून दिंडी जाणार असेल, तर एक विनंती आहे. वेशीवर चहा जरूर वाटा, पण एक किटली बिनसाखरेची ठेवा आणि तिच्यावर तसं मोठ्या अक्षरात लिहा, म्हणजे माउलींना सगळ्यांसमोर सांगायची वेळ येणार नाही. गोड किटलीही तिथेच असू द्या. एखाद्याला ती तातडीने लागेल.