उन्हाळीस घरचे कायमचे कूळ करून घेण्याची रीत

वऱ्हाडाची वेस जेथे मराठवाड्याच्या शिवेस टेकते, त्या धाड गावी किंवा त्याच्या पंचक्रोशीत लग्न होऊन आलेल्या सुनेस चैत्र-वैशाखात लघवीच्या वेळी आग होऊ लागली, की घरातील वडीलधारी मंडळी ‘उन्हाळी लागली’ एवढा दोन शब्दांचा निवाडा देऊन मोकळी होतात. आणि या निवाड्यातील खुबी अशी, की आरोपी म्हणून साक्षात सूर्यनारायणाचे नाव दाखल झाल्यामुळे घर, घराची रीत आणि घरातील माणसे पहिल्याच तारखेस निर्दोष सुटतात. न जेवणाऱ्या पोरास ‘तुला काय धाड भरली?’ असे चारचौघांत पुसणारी आपली भाषा या दुखण्याच्या बाबतीत मात्र कमालीची मितभाषी होते. तेव्हा हा येऊन जाणारा पाहुणा न राहता, 1958 च्या विदर्भ कुळकायद्याखालील वहिवाटदारासारखा हक्काने घरात कसा ठाण मांडील, याची शिस्तवार तजवीज येथे सांगावी, असे आम्ही योजिले आहे. सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा हजेरी लागली, तरच वैद्यकशास्त्र त्यास ‘वारंवार’ ही पदवी बहाल करते. त्याहून कमीवर समाधान मानणाऱ्या कुटुंबाने पुढील मजकूर लक्षपूर्वक वाचावा.

प्रथम कुळाची मूळ हकीकत. थिओडोर एशेरिश या बालरोगतज्ज्ञाने 1885 साली ज्याचे वर्णन केले व जो आज ई. कोलाय या नावाने ओळखला जातो, तो जंतूच बहुतेक वेळा या दाव्यातील इसम असतो. मोठे आतडे हे त्याचे पिढीजात वतन, आणि तेथे तो बहुधा निमूटपणे नांदतो. तेथून निघून मूत्राशयाचा कब्जा घ्यावयाचा, तर स्त्रीच्या देहात मूत्रमार्गाची वाट अवघी 4 सेंटीमीटर आणि पुरुषाच्या देहात सुमारे 20. या 16 सेंटीमीटरच्या पूर्वपुण्याईवर मिशीस पीळ देऊन ‘आम्हांस कसे होत नाही?’ असे विचारण्याचा अधिकार घरातील कर्त्या पुरुषाने अवश्य बजावावा. शौचानंतर धुताना हात पुढून मागे न्यावा, हे मुलींस कोणी शिकवू नये. मागून पुढे नेल्यास इसमाची पायपीट वाचते.

परंतु खरी मदार पाण्यावर आहे. मूत्राशय वेळोवेळी धुऊन निघाले, तर जंतूस तळ ठोकण्यास उसंत मिळत नाही. म्हणून ते धुऊन निघणार नाही, असा बंदोबस्त करावा. टँकरची वाट पाहणाऱ्या गावांत पाण्याची काटकसर हा सद्गुणच आहे. त्या सद्गुणाचा आरंभ सुनेच्या पेल्यापासून व्हावा. निंदणीस वावरात जाणाऱ्या बाईने आडोसा सापडेल की नाही या विवंचनेने सकाळचा तांब्या तसाच ठेवावा, लग्नास निघालेल्या बायकांनी गाडीत बसण्यापूर्वी घोटभरही पिऊ नये, आणि मांडवात ‘जरा जाऊन येते’ असे म्हणण्यापेक्षा वरमाईचा मानपान संपेपर्यंत दातओठ आवळून बसावे, या चाली आपल्याकडे संस्कार म्हणून रूढ आहेतच. त्यांस फक्त उत्तेजन द्यावयाचे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात ‘नवेगान्धारणीय’ नावाचा एक स्वतंत्र अध्याय असून, न अडवण्याच्या 13 वेगांत मूत्राचे नाव अग्रभागी आहे, ही गोष्ट पोथी वाचणाऱ्या आजोबांच्या कानी जाणार नाही याची खबरदारी घ्यावी. तसाच 2018 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोगही दडवून ठेवावा. थोडे पाणी पिणाऱ्या व या दुखण्याने पुनःपुन्हा गांजलेल्या 140 स्त्रिया त्यात होत्या. त्यांपैकी निम्म्यांनी रोज दीड लिटर पाणी अधिक प्यावे, एवढीच योजना. वर्षअखेर त्यांस सरासरी 1.7 वेळा त्रास झाला, उरलेल्यांस 3.2 वेळा. नुसत्या पाण्याने कुळाची जवळजवळ निम्मी वहिवाट मोडते, असली बातमी बायकांत पसरणे बरे नव्हे. या न्यायाने आजीबाईंच्या धने-जिऱ्याच्या पाण्याकडेही संशयाने पाहावे, कारण त्यात निदान पाणी असते.

पुढील कलम लिहिताना लेखणी किंचित अडखळते. पतिपत्नींच्या सहवासानंतर स्त्रीने लगेच उठून लघवीस जाऊन यावे, असा डॉक्टरांचा सल्ला असतो. आपल्या घरांत शौचालय बहुधा अंगणापलीकडे असते आणि अंगणात मामंजींची बाज. ती बाज तेथून हलवू नये.

दुखणे उमटताच औषधांच्या दुकानात लहान मुलास पाठवून, नाव न घेता, ‘त्या’ गोळ्या आणवाव्यात. लघवीची तपासणी, जंतूची वाढ करून कोणते औषध त्यास लागू पडते हे पाहण्याची कल्चर नावाची रीत, या गोष्टींत पैसा दवडू नये. दोन दिवसांत आग थांबली, की उरलेल्या गोळ्या जिऱ्याच्या डब्याशेजारी जपून ठेवाव्यात आणि पुढील खेपेस नणंदेस द्याव्यात. अपुऱ्या मात्रेने जंतू मरत नाहीत, उलट औषध पचविण्यास शिकतात, असे पेनिसिलीनचे जनक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1945 सालच्या आपल्या नोबेल व्याख्यानातच बजावले होते. पण त्यांस जिऱ्याच्या डब्याची सोय ठाऊक नव्हती.

सासूबाईंची पाळी थांबून काही वर्षे लोटली असतील, तर त्यांच्या तक्रारीवर ‘वय झाले’ हा शेरा मारून कागद दप्तरी दाखल करावा. त्या वयात तेथील नाजूक त्वचा विरळ होते, रक्षक जंतू ओसरतात आणि डॉक्टरांनी दिलेल्या स्थानिक इस्ट्रोजेन मलमाने पुष्कळदा हा त्रास कमी होतो, हे त्यांस कळले तर त्या स्वतःच उठून दवाखान्यात जातील. रक्तातील साखर तपासण्याची सूचनाही त्यांच्या कानावर घालू नये.

एवढे करूनही एखादे दिवशी थंडी वाजून ताप भरला, बरगडीखाली पाठीत कळ निघाली, उलट्या होऊ लागल्या, लघवीत रक्त दिसले, अथवा आग होणारी सून गर्भवती निघाली, तर कुळाने ओसरी सोडून मूत्रपिंडाच्या माजघराकडे मोर्चा वळविला असण्याचा किंवा वळविण्याचा संभव असतो. त्या वेळी हे मार्गदर्शन मिटून ठेवावे, मिळेल ते वाहन धरून बुलढाण्याचा दवाखाना गाठावा, आणि वाटेत तिने गाडी थांबविण्यास सांगितले, तर कशासाठी, असे न विचारता ती थांबवावी.