वानप्रस्थाश्रम, सदाशिव पेठ

शास्त्रकारांनी उतारवयात वनात जायला सांगितले, कारण त्यांना एफएसआय ठाऊक नव्हता. हल्ली राज्य सरकारचा अधिकारी 58 व्या वर्षी निवृत्त होतो, ग्रॅच्युइटी पदरात पाडून घेतो, तळेगावचा बंगला आंब्याच्या झाडासकट विकतो आणि थेट सदाशिव पेठेत पुनर्विकासाच्या इमारतीत फ्लॅट घेतो. का म्हणून विचारा, उत्तर ठरलेले: "सगळं कसं हाताशी!"

आमच्या साडूंनी हेच केले. नोकरी पाटबंधारे खात्यातली, त्यामुळे नकाशावर गाढ श्रद्धा. फूटपट्टी लावून त्यांनी अंतरे मोजली. भरत नाट्य मंदिर, साहित्य परिषद, मंडई, डॉक्टर, शिवाय 1848 साली स्थापन झालेले पुणे नगर वाचन मंदिर, सगळे पायी जाण्याजोगे. नकाशावर कालवा दिसला म्हणजे शेतात पाणी पोचतेच असे नाही, हे जन्मभर पाहिलेल्या माणसाने!

तरीही पेठेत राहण्याचे फायदे नाकारता येणार नाहीत.

पहिला फायदा व्यायामाचा. फुटपाथ आहे, नाही असे नाही. त्यावर विजेचा डीपी आहे, पथारी आहे, भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स आहे आणि सिग्नल लाल झाला की दुचाक्याही आहेत. उरल्या जागेतले पेव्हर ब्लॉक पाय ठेवला की डुगडुगतात आणि पावसाळ्यात गुडघ्यापर्यंत पिचकारी मारतात. तोल सांभाळण्याच्या याच व्यायामाचे फिजिओथेरपिस्ट पैसे घेतो.

दुसरा फायदा स्मरणशक्तीचा. विस्मरणाची शंका आली की डॉक्टर विचारतात, "आज तारीख काय?" पेठेत हे काम सम-विषम पार्किंगची पाटी फुकटात करते. विषम तारखेला सम बाजूला स्कूटर लावली, की टोइंगची गाडी निदान करून जाते.

तिसरा फायदा कानांचा. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. विसर्जन मिरवणूक तीस तासांच्या आसपास चालते, तेव्हा ही मर्यादाही बहुधा विसर्जित होत असावी. मेहुणी सांगत होती, "यांनी कानातलं मशीन काढून ठेवलं, तरी गाणं कोणतं ते यांना बरोबर कळत होतं." स्वयंपाकघरात स्टीलच्या पेल्यांनी ठेका धरला होता म्हणे.

मेट्रोबद्दल मात्र तक्रार नाही. सप्टेंबर 2024 पासून ती मंडईपर्यंत आणि पुढे स्वारगेटला जाते. खाली उतरलात की लिफ्ट, सरकते जिने, सपाट फरशी, थंडगार हवा. पेठेतल्या माणसाला नीट चालता येते, फक्त जमिनीखाली.

महापालिकेला पायी चालणाऱ्यांची काळजी नाही, असे कुणी म्हणू नये. 2016 साली पादचारी धोरण झाले. 2021 साली 11 डिसेंबरला लक्ष्मी रस्ता गाड्यांना बंद करून पादचारी दिनही सुरू झाला. वर्षातून एकच दिवस का, असे साडूंनी विचारले. मी म्हटले, "बैलांनाही पोळा एकदाच असतो."

परवा त्यांनी साडेपाचच्या प्रयोगाची तिकिटे काढली होती. पाचला दोघे निघाले. बाजीराव रस्त्यावरचे झेब्राचे पट्टे निम्मे पुसलेले, उरलेल्या निम्म्यांवर पीएमपीची बस उभी. साडू एक पाऊल पुढे टाकत, हॉर्न ऐकून दोन मागे येत. शेवटी मेहुणीने रिक्षाला हात केला. नाट्यगृहाचे नाव ऐकून रिक्षावाला म्हणाला, "आजोबा, एवढ्या जवळ? चालत जा की!"

पहिला अंक बुडाला. तेव्हापासून साडू सहसा घरातच असतात. भाजी मंडईतून न येता अ‍ॅपवरून दहा मिनिटांत दारात येते. तशी ती तळेगावलाही येत होती.

तेव्हा निवृत्तांनो, पेठेत जरूर या. बिल्डर कार्पेट एरिया सांगतोच, दारापुढच्या फुटपाथाचा एरिया मात्र महापालिकेला माहितीच्या अधिकारात विचारून घ्या. तीस दिवसांत उत्तर द्यायचे बंधन आहे. नाहीच आले, तर अपील करा. निवृत्तीनंतर वेळ कसा घालवायचा, हा प्रश्न तेवढा परस्पर सुटेल.